तसंच पुढं नेपाळ

लातुरात एखाद्याचा मुलगा अमेरिकेला गेला की तो 'फॉरेनला' गेला असं गल्लीभर होतं. त्याच गल्लीतले तात्या आणि काकू पन्नास जणांच्या बसमध्ये बसून नेपाळला निघतात, तेव्हा मात्र ते 'काशीला' चाललेले असतात. कुठं कुठं जाणार म्हणून विचारलं तर सांगतात, "काशी, प्रयाग, अयोध्या, आणि तसंच पुढं नेपाळ करून येणार." पंढरपूर करतात, तुळजापूर करतात, तसं नेपाळ करतात. या 'तसंच पुढं'मध्ये एक आंतरराष्ट्रीय सीमा येते. दुसऱ्या देशाचा कायदा येतो, दुसरं चलन येतं, दुसरं पंचांग आणि दुसरं घड्याळ येतं. निघताना धपाटे, शेंगदाण्याची चटणी, येसर, स्वेटर, कानटोपी सगळं भरलेलं असतं. परदेशी जाण्याची तयारी तेवढी राहून जाते. आपल्या यात्रेकरूंना तिकडं जो त्रास होतो, त्यातला बराचसा या विसरण्यातून होतो.

नेपाळ परका वाटत नाही याला कारणं आहेत. देव आपले, बुद्ध आपला, डाळ-भात आपला. लिपीसुद्धा आपली. युरोपात गेलेला इंजिनिअर मुलगा पाटी वाचताना अडखळतो. आपली चौथी शिकलेली आत्या काठमांडूत दुकानाची पाटी घडाघडा वाचते. अर्थ मात्र दर वेळी लागतो असं नाही. 'प्रहरी' म्हणजे पोलिस, 'पसल' म्हणजे दुकान, 'औषधि पसल' म्हणजे मेडिकल, 'अस्पताल' म्हणजे दवाखाना, 'बाटो' म्हणजे आपली वाट. भाजीला ते 'तरकारी' म्हणतात आणि आपल्याकडची म्हातारी माणसंही तेच म्हणतात. 'कति' म्हणजे किती. 'छैन' म्हणजे नाही. माळकऱ्यांनी 'मासु' हा एक शब्द पक्का लक्षात ठेवावा, तो मांसाचा. 'बफ' लिहिलं असेल तर ते म्हशीचं मांस. मोमो म्हणून जे उकडलेल्या मोदकासारखं दिसतं, त्यात बहुतेक ठिकाणी हेच असतं. तेव्हा खाण्याआधी विचारावं. विचारलं तर नेपाळी माणूस कधी फसवून खाऊ घालत नाही, हा माझा अनुभव आहे.

दुसरं कारण कागदावरचं आहे. ३१ जुलै १९५० रोजी भारत आणि नेपाळ यांच्यात शांतता आणि मैत्रीचा करार झाला. दोन्ही देशांच्या नागरिकांना एकमेकांकडं ये-जा करायला, राहायला, व्यापार करायला मोकळीक त्या करारानं दिली. म्हणून साडेसतराशे किलोमीटर लांबीच्या या सीमेवर भारतीयाला व्हिसा लागत नाही. पण व्हिसा लागत नाही म्हणजे काहीच लागत नाही, असा अर्थ आपल्याकडं पसरला आहे. करारानं जाण्याची मोकळीक दिली. आपण भारतीय आहोत हे दाखवण्याची जबाबदारी आपल्यावरच राहिली.

लातूर-नांदेडहून निघालेली बस यवतमाळवरून नागपूरला लागते, पुढं जबलपूर, प्रयागराज, काशी, अयोध्या करत गोरखपूरला येते. तिथून सोनौली साधारण शंभर किलोमीटर. उत्तर प्रदेशातलं हे सीमेवरचं गाव. पलीकडच्या वस्तीचं नाव बेलहिया, आणि दोन्हींच्या मध्ये कमान. आम्ही तिथं पहाटे पोहोचलो होतो. मालट्रकांची रांग मागं दिसेल तिथवर गेलेली. सायकलरिक्षा, शाळेची पोरं, डोक्यावर बोचकं घेतलेल्या बायका, सगळे कमानीखालून आपापल्या वाटेनं जात होते, कुणी कुणाला थांबवत नव्हतं. ते बघून आमच्या बसमधल्या एका मामांनी सुटकेचा श्वास टाकला. तेवढ्यात सशस्त्र सीमा बलाचा जवान बसमध्ये चढला आणि म्हणाला, "सब अपना आयडी निकालिए." मग कमरेचे बटवे सुटले, सीटखालच्या पिशव्या वर आल्या. पंचेचाळीस माणसांपैकी सदतीस जणांच्या हातात आधार कार्ड होतं.

आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही, तो रहिवासाचा आणि ओळखीचा आहे. नेपाळला जाणाऱ्या भारतीयाकडं पासपोर्ट हवा किंवा निवडणूक आयोगानं दिलेलं मतदार ओळखपत्र हवं, आपण ज्याला मतदान कार्ड म्हणतो ते. नियमात सवलत आहे ती पासष्टच्या वरच्या आणि पंधराच्या आतल्या माणसांना. त्यांनी वय आणि ओळख पटवणारा फोटोचा कागद दाखवला तरी चालतो आणि त्यांच्यापुरतं आधारही चालतं. पंधरा ते अठरा वर्षांच्या मुलाला शाळेच्या मुख्याध्यापकांचा ठरलेल्या नमुन्यातला दाखला लागतो. कुटुंब एकत्र असेल आणि एका मोठ्या माणसाकडं पक्का कागद असेल, तर बाकीच्यांचं रेशन कार्ड, वाहन परवाना, कॉलेजचं ओळखपत्र असं नातं आणि ओळख दाखवणारं काही तरी धरतात. रस्त्यानं जाताना अनेकदा आधारवरही सोडून देतात, हे खरं आहे, आणि म्हणूनच माणसं बेफिकीर राहतात. विमानानं जाताना असं सोडत नाहीत. काठमांडूत कुणी आजारी पडलं आणि विमानानं परतायची वेळ आली, तर चाळीस वर्षांच्या माणसाला नुसत्या आधारवर बसू देणार नाहीत, हे आधीच धरून चालावं.

आमच्या बसमध्ये त्या दिवशी वयाची पासष्टी उलटलेले बरेच होते, त्यामुळं निभावलं. अडकली ती पन्नाशीतली एक बाई. तिचं मतदान कार्ड गावाकडच्या पेटीत, सातबाराच्या जुन्या उताऱ्यांखाली राहिलेलं. बारा वर्षांत ते कधी लागलंच नव्हतं, मतदानालाही आता आधार चालतं म्हणून. दोन तास गेले. शेवटी नवऱ्याचं मतदान कार्ड आणि रेशन कार्डावरचं तिचं नाव, यावर काम झालं. त्या दोन तासांत ती बाई कुणाशी बोलली नाही. चाळीस हजार रुपये भरून, बाराशे किलोमीटरच्या पलीकडं येऊन आपल्यामुळं सगळ्यांना थांबावं लागतंय, याची तिला लाज वाटत होती. चूक तिची नव्हती. पैसे घेताना तिला कुणी हे सांगितलंच नव्हतं.

म्हणून पहिलं काम घरीच करायचं. मतदान कार्ड शोधावं. हरवलं असेल, नावात चूक असेल, फोटो पुसला असेल, तर नमुना ८ भरून दुरुस्त कार्ड मागवता येतं. गावातल्या बीएलओकडं किंवा तहसीलमध्ये हे काम होतं, पण त्याला वेळ लागतो, यात्रेच्या आदल्या आठवड्यात होत नाही. आणि खरं विचाराल तर पासपोर्टच काढून ठेवावा. टपाल कार्यालयांत पासपोर्टची केंद्रं निघाल्यापासून त्यासाठी पुण्या-नागपूरला खेटे घालायची गरज उरली नाही. छत्तीस पानी पासपोर्टचे पंधराशे रुपये, साठीपुढच्यांना नव्या अर्जावर त्यात दहा टक्के सूट, आणि तो दहा वर्षं चालतो. मूळ कागद अंगावर, एक झेरॉक्स पिशवीत, एक फोटो मुलाच्या मोबाईलवर, अशी वाटणी केली की माणूस निर्धास्त राहतो.

माणसांचे कागद झाले की बसचे. भारतीय गाडी नेपाळात न्यायची तर सीमेवर 'भन्सार' भरावा लागतो. भन्सार म्हणजे जकात. जितके दिवस राहणार तितक्या दिवसांचे पैसे आधी भरून पावती घ्यायची. त्याखेरीज प्रवासी बसला वाहतूक खात्याचा परवाना लागतो. मुदत संपल्यावर गाडी सापडली तर दंड बसतो, आणि दंडाचे पैसे शेवटी यात्रेकरूंकडूनच गोळा होतात. त्या पावतीवरची तारीख बघून आमचा ड्रायव्हर गोंधळला होता, कारण तिच्यावर साल होतं २०८२. नेपाळ सरकारचा सगळा कारभार विक्रम संवतावर चालतो. आपल्या पंचांगात शके असतं, इंग्रजी सालातून अठ्ठ्याहत्तर वजा करून येतं ते. त्यांचं संवत साधारण सत्तावन्न वर्षं पुढं. १४ एप्रिल २०२५ ला तिकडं २०८२ चा वैशाख सुरू झाला. महिन्यांची नावं आपलीच, आणि गफलत तिथंच होते. आपला कार्तिक चंद्राचा, प्रतिपदेपासून मोजायचा. त्यांचा कार्तिक सूर्याचा, ऑक्टोबरच्या मध्याच्या सुमारास सुरू होणारा, तिथीशी संबंध नसलेला. 'कार्तिक ७' वाचून आपण सप्तमी समजलो तर मुदत कधी संपते हे कळणारच नाही. पावती हातात घेतल्या घेतल्या कारकुनाला इंग्रजी तारीख विचारावी आणि तिच्यावर पेनानं लिहून ठेवावी.

बसच्या विम्याचं कुणी विचारत नाही, ते विचारावं. आपल्याकडं गाडीचा विमा भारतापुरता असतो. जादा हप्ता भरून तो नेपाळपर्यंत वाढवून घेता येतो, तशी नोंद पॉलिसीवर होते. यात्रा कंपनीच्या माणसाला बुकिंग करतानाच म्हणावं, "नेपाळची नोंद दाखवा." दाखवली नाही तर दुसरी कंपनी बघावी. यात मी जरा कठोर आहे, हे कबूल करतो. पण कठोर व्हायला कारण घडलेलं आहे.

२३ ऑगस्ट २०२४ रोजी पोखऱ्याहून काठमांडूकडं निघालेली एक बस तनहुँ जिल्ह्यात मर्स्यांगदी नदीत कोसळली. बसमधले यात्रेकरू आपल्याच महाराष्ट्रातले, जळगाव जिल्ह्यातल्या भुसावळ भागातले होते. सत्तावीस माणसं गेली. हवाई दलाच्या विमानानं त्यांचे मृतदेह महाराष्ट्रात आणावे लागले. त्याच्या सव्वा महिना आधी, १२ जुलैला, नारायणघाट–मुग्लिन रस्त्यावर सिमलतालला पहाटे दरड कोसळली आणि दोन प्रवासी बस माणसांसकट त्रिशूलीत वाहून गेल्या. दोन्ही घटना पावसाळ्यातल्या आहेत. आपल्याकडं श्रावणात पशुपतिनाथाला जाण्याची ओढ असते. शेतकऱ्यालाही पेरणी उरकून जरा सवड मिळालेली असते. पण तिकडचा श्रावण-भाद्रपद म्हणजे दरडींचा काळ. दिवाळीनंतर, किंवा मार्च ते मेमध्ये, मृगाच्या आधी जावं. तेव्हा रस्ते कोरडे असतात आणि आभाळ मोकळं असलं तर हिमालयही दिसतो.

नदीच्या अंगानं जाणारा तो रस्ता लातूरच्या माणसाला कल्पनेत आणता येत नाही. आपल्याकडं बालाघाटाची डोंगररांग आहे, पण तिथं खाली बघून पोटात गोळा येत नाही. तिकडं एका बाजूला भिंतीसारखा उभा डोंगर आणि दुसऱ्या बाजूला खोल दरीत पांढरं पाणी. सपाट रस्त्यावर वीस वर्षं गाडी चालवलेला ड्रायव्हर इथं नवखाच असतो. त्यामुळं डोंगरात रात्रीचा प्रवास करायचा नाही, हे बसमधल्या माणसांनी सीमेवरच एकमुखानं ठरवून टाकावं. ड्रायव्हर एकच असेल आणि तो दहा तास चालवून डोळे चोळत असेल, तर बायका-पोरांनी आवाज करून गाडी थांबवावी. भिडस्तपणानं जीव जातात. पोखऱ्याच्या पुढं मुक्तिनाथला तर आपली मोठी बस नेऊच नये. तिथली जीप आणि तिथलाच चालक घ्यावा.

पैशाचं सोपं आहे, फक्त एक गणित पाठ पाहिजे. भारतीय शंभर म्हणजे नेपाळी एकशे साठ. हा दर १९९३ पासून बांधलेला आहे, रोज बदलत नाही. तिथं भारतीय रुपयाला 'आयसी' आणि नेपाळी रुपयाला 'एनसी' म्हणतात. दुकानदार "आठशे" म्हणाला की आधी विचारायचं, "आयसी की एनसी?" एनसी असेल तर आपले पाचशे. हा प्रश्न न विचारता आपल्या बसमधल्या बायकांनी रुद्राक्षाच्या माळांचे किती पैसे जादा दिले असतील, त्याचा हिशोब नाही. डिसेंबर २०१८ मध्ये नेपाळनं शंभरच्या वरच्या भारतीय नोटांवर बंदी घातली होती. नंतर या नियमात सवलती आणि बदल होत आले आहेत. निघण्याच्या आठवड्यात चालू नियम बँकेत विचारून घ्यावा आणि काहीही असलं तरी खर्चापुरत्या शंभराच्या नोटा बरोबर ठेवाव्यात. त्या कुणी नाकारत नाही. मार्च २०२४ पासून नेपाळातल्या 'फोनपे' जाळ्याच्या क्यूआरवर आपलं यूपीआय चालू लागलं आहे. नाव ऐकून आपल्याकडचं फोनपे समजू नका, ती तिथली वेगळी कंपनी आहे. अर्थात त्यासाठी मोबाईलला नेट पाहिजे, आणि आपलं सिम सीमा ओलांडताच रोमिंगवर जातं. आंतरराष्ट्रीय रोमिंगचा पॅक आधी टाकलेला नसेल तर एका व्हिडिओ कॉलमध्ये महिन्याचे पैसे उडतात. पाच-सहा जणांत मिळून तिथलं एक सिम घेतलं आणि घरच्यांना तो नंबर कळवला, तरी भागतं.

घड्याळ पंधरा मिनिटं पुढं करावं लागतं. मोबाईल आपोआप करतो, हातातलं करत नाही. बस सुटायची वेळ कुणाच्या घड्याळाची, हे एकदा ठरवून घेतलं की रोजची भांडणं टळतात. शनिवारी तिथं सुट्टी असते, बँकेचं काम त्या दिवसावर ठेवू नये.

आता मुक्तिनाथ. या ठिकाणाबद्दल मला जरा सविस्तर सांगायचं आहे, कारण आपली म्हातारी माणसं हे नाव फार श्रद्धेनं घेतात आणि तिथलं संकट डोळ्यांना दिसत नाही.

लातूर समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास आहे. महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई, १,६४६ मीटर. मुक्तिनाथ ३,७०० मीटरच्या वर. म्हणजे कळसूबाईवर कळसूबाई ठेवली तरी त्याच्या वर. पोखरा साधारण आठशे मीटरवर आहे. पोखऱ्यातून पहाटे जीपनं निघून संध्याकाळपर्यंत मुक्तिनाथ गाठणारा माणूस एका दिवसात जवळजवळ तीन किलोमीटर वर चढतो. पाय दुखत नाहीत, कारण जीप चढते. पण रक्ताला प्राणवायू कमी पडतो, आणि शरीराला त्याची सवय व्हायला दिवस लागतात. डोकं दुखणं, मळमळ, भूक मरणं, झोप न लागणं ही पहिली खूण. बसल्या जागी दम लागणं, चालताना झोक जाणं, माणूस असंबद्ध बोलायला लागणं ही धोक्याची खूण. त्यावर खाली उतरणं हा एकच खात्रीचा उपाय आहे. तिथं झोपून बरं वाटत नाही, वाढतं.

माझी आत्या राणीपौव्यात, म्हणजे मंदिराच्या खालच्या वस्तीत, जीपमधून उतरली आणि दगडावर बसून राहिली. ओठ निळसर झालेले. "डोकं जड झालंय" एवढंच म्हणाली. मंदिर समोर, वर दिसत होतं. पायी किंवा घोड्यावरून जाण्याएवढं जवळ. बसमधल्या बायका तिला म्हणाल्या, "आक्का, देवाच्या दारात आलाव, आता काय मागं फिरायचं?" त्या प्रेमानंच म्हणत होत्या. मी तिचा हात धरून उठवलं, तर तिचा तोल एका बाजूला गेला. मग कुणाचं ऐकलं नाही. त्याच जीपनं जोमसोमला उतरवलं, २,७०० मीटरवर. तासाभरात ओठांचा रंग फिरला. रात्री तिनं चहा मागितला. मुक्तिनाथाचं दर्शन तिला झालं नाही. आज ती उदगीरला नातवाला शाळेत सोडते.

एका दिवसाचा लोभ सोडला तर हे टाळता येतं. जाताना जोमसोमला किंवा कागबेनीला एक मुक्काम करावा, दुसऱ्या दिवशी सकाळी वर जावं आणि दर्शन घेऊन त्याच दिवशी खाली यावं. बीपी, दमा, हृदयाचा त्रास असलेल्यांनी लातूरमध्येच आपल्या डॉक्टरांना उंचीचा आकडा सांगून विचारावं. नुसतं "नेपाळला चाललोय" म्हटलं तर डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर काठमांडू येतं. उंचीच्या त्रासावर अ‍ॅसिटाझोलामाइड नावाची गोळी देतात, पण काही औषधांची अ‍ॅलर्जी असलेल्यांना ती चालत नाही. दुसऱ्याच्या पाकिटातली उसनी घेऊ नये. इन्सुलिन घेणाऱ्यांनी बाटली बॅगेत न ठेवता अंगालगत, स्वेटरच्या आत ठेवावी, थंडीनं गोठलं की ते निकामी होतं. आणि मुक्तिनाथाच्या एकशे आठ धारा. बर्फाचं पाणी आहे ते. प्रत्येक धारेखालून पळत जाऊन मग दोन्ही कुंडांत बुडी मारतात. तरुणांनी जरूर करावं. हृदयाच्या माणसानं ते पाणी ओंजळीत घेऊन डोळ्यांना लावावं, त्यात कमीपणा नाही. तो सगळा भाग अन्नपूर्णा संरक्षित क्षेत्रात येतो आणि त्याचा परवाना लागतो. सार्क देशांच्या लोकांना त्यात सवलत आहे, म्हणून ओळखपत्र आणि दोन फोटो हाताशी ठेवावेत. पोखरा–जोमसोम विमानं सकाळीच उडतात, दुपारी त्या खोऱ्यात वारा सुटतो.

पशुपतिनाथाबद्दल फार सांगायला नको. तिथले मुख्य पुजारी कर्नाटकातून गेलेले भट्ट आहेत, आणि उदगीर-देवणीकडच्या माणसाला कन्नड येत असेल तर त्या उत्तरेतल्या देवळात ते कानडी बोल ऐकून फार बरं वाटतं. कातड्याचा पट्टा, पाकीट आत चालत नाही, मोबाईल काढून फोटो घेऊ देत नाहीत. शेजारी बागमतीच्या काठावर चिता जळत असतात, तिकडंही कॅमेरा धरू नये. कुणाचा तरी बाप तिथं असतो.

लुंबिनी मात्र यात्रा कंपन्यांच्या वेळापत्रकात उपेक्षित राहते, याचं मला वाईट वाटतं. सोनौलीपासून ती पंचवीस-तीस किलोमीटरवर आहे, आणि तरी तासाभरात उरकतात. लातूर-नांदेडमधून बौद्ध उपासकांच्या स्वतंत्र बस निघतात, त्या मात्र कुशीनगरवरून येऊन इथं मुक्काम करतात, तेच योग्य आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर दीक्षेनंतर पुढच्याच महिन्यात, नोव्हेंबर १९५६ मध्ये, जागतिक बौद्ध परिषदेसाठी काठमांडूला गेले होते आणि तिथं त्यांनी बुद्ध आणि मार्क्स या विषयावर भाषण केलं होतं. ६ डिसेंबर त्यानंतर दोन-अडीच आठवड्यांनी आला. लुंबिनीत अशोकाचा स्तंभ आहे, १८९६ मध्ये पुन्हा उजेडात आलेला. आपल्या राज्याच्या विसाव्या वर्षी राजा स्वतः इथं आला, इथं बुद्ध जन्मले म्हणून त्यानं हा दगड उभारला आणि लुंबिनी गावचा सारा कमी करून उत्पन्नाचा आठवा हिस्सा ठेवला, असं त्या लेखात कोरलेलं आहे. दुष्काळ बघितलेल्या शेतकऱ्यानं तो स्तंभ नक्की बघावा. इतक्या मोठ्या घटनेच्या लेखात एका गावच्या साऱ्याला जागा मिळाली आहे. मायादेवी मंदिरात चपला बाहेर, फोटो बंद, आणि बोलणं हळू. जगातल्या अनेक देशांनी तिथं आपापले विहार बांधले आहेत, ते बघायला ई-रिक्षा मिळते.

नेपाळात भूकंप होतो, हे लातूर जिल्ह्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट ज्यांनी पाहिली, ते अजूनही भांडं पडलं तरी उठून बसतात. २५ एप्रिल २०१५ ला नेपाळात जवळपास नऊ हजार माणसं गेली. तेव्हा दिवस होता, म्हणून रानात-रस्त्यात असलेली बरीच माणसं वाचली. किल्लारीनं शिकवलेलं तिथं उपयोगी पडतं: हॉटेलात शिरल्यावर जिना कुठं आहे ते बघणं, उशाशी चपला आणि टॉर्च ठेवणं, दाराला आतून कुलूप घालून किल्ली कुठंतरी न टाकणं.

आणि संकट आलंच तर? 'आयुष्मान'चं कार्ड किंवा महात्मा फुले योजना सीमेपलीकडं चालत नाही, घरच्या आरोग्य विम्याचंही बहुधा तेच. प्रवासापुरता वेगळा विमा उतरवता येतो, तो उतरवावा. पोलिसांसाठी १००, रुग्णवाहिकेसाठी १०२, पर्यटक पोलिसांसाठी ११४४. आपला दूतावास काठमांडूत लैनचौरला आहे आणि वीरगंजला वाणिज्य दूतावास आहे. त्यांचे चालू नंबर निघण्याआधी कागदावर लिहून बसमधल्या प्रत्येकाच्या बटव्यात घालावेत. सप्टेंबर २०२५ च्या ८ आणि ९ तारखेला काठमांडूत तरुणांचं आंदोलन पेटलं, सरकार पडलं, विमानतळ बंद झाला. हॉटेलांतून बाहेर निघता येईना तेव्हा कित्येक भारतीय यात्रेकरूंना पहिल्यांदा उमगलं की आपण दुसऱ्याच्या देशात आहोत. ज्यांच्याजवळ दूतावासाचा नंबर कागदावर होता त्यांनी फोन लावला. बाकीचे लातूरच्या एजंटचा नंबर फिरवत बसले.

परतताना सोनौलीच्या अलीकडंच उरलेले एनसी बदलून घ्यावेत, गोरखपुरात ते कुणी घेत नाही. शाळिग्राम, रुद्राक्ष, लोकरीच्या शाली यांच्या पावत्या वरच्या खिशात ठेवाव्यात. जुनी मूर्ती म्हणून कुणी काही विकत असेल तर हात लावू नये. शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू नेपाळबाहेर नेणं हा गुन्हा आहे, आणि नवी असली तरी नवी असल्याचा दाखला पुरातत्त्व विभागाकडून घ्यावा लागतो. कमान ओलांडली की घड्याळ पंधरा मिनिटं मागं घ्यायचं. बसमधले सगळे फोन एकदम वाजायला लागतात. घरून विचारणा सुरू होते, कुठवर आलात, गंगेचं पाणी आणलंय का, मावंद्याला कोणता दिवस धरायचा.